गजाचं टोक

"मळसूत्र सुभानाला का दिलंत, उस्ताद?" रायाजीने विचारलं.

हसनबाबा हे गडाच्या शिलेखान्यातले म्हातारे उस्ताद. ठासणीच्या बंदुका कशा जपाव्यात ते शिकवायचे. त्यांनी मान वर केली नाही.

रायाजी मिसरूड फुटायच्या आधीपासून त्यांच्या हाताखाली होता. सुभाना अगदी काल-परवाचा. बंदुकीची नळी साफ करायच्या गजाला लावायची टोकं पुष्कळ होती, चिंधीची, तारेच्या कुंच्याची. पण नळीत अडकलेला बार ओढून काढणारं पितळी मळसूत्र एकच. ते ज्याच्या कमरेला, तोच पुढचा उस्ताद, अशी तिथली रीत. त्या सकाळी ते सुभानाच्या कमरेला दिसलं आणि रायाजीचा नुसता जळफळाट झाला.

"माझ्यात काय कमी आहे?"



हसनबाबांनी मळसूत्र परत मागून घेतलं आणि इतर टोकांत टाकून दिलं. दोघांपुढे एकेक बंदूक ठेवली. म्हणाले, नळ्या पुसा.

रायाजीला मनातून बरं वाटलं. अजून काही हातचं गेलं नव्हतं.

सुभानाने आधी नुसताच गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो, त्याची खूण गजावर कोरलेली असते. खूण नळीच्या तोंडाशी येऊन टेकली. मग त्याने चिंधीचं टोक उचललं.

रायाजीची नजर त्याच्या हातावरून हलली नव्हती. त्यानेही झटकन चिंधीचंच टोक घेतलं. चिंधी जास्त मऊ बघून घेतली, तेलही जास्त लावलं, आणि सुभानाच्या आधी गज आत सारला.

गज अडला. खूण चांगली चार बोटं बाहेर राहिली...

शेजारी सुभानाची नळी पुसून होत आली होती. ते बघून रायाजी दातओठ खात आणखी रेटू लागला.

हसनबाबांनी त्याचा हात धरला. गज बाहेर ओढला. चिंधी आतच राहिली होती. त्यांनी मळसूत्र चढवलं, फिरवलं, खेचलं. आधी चिंधी आली, मग शिशाची गोळी. तिच्यामागून भुरभुर भाताचा कोंडा सांडला. बारुदीच्या जागी बाबांनीच तो ठासून ठेवला होता.

रायाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पण मत्सर जागचा हलला नाही.

"त्याने घेतलं तेच टोक मी घेतलं ना?"

"तेच घेतलंस."

"मग माझं चुकलं कुठे?"

हसनबाबा कोंडा गोळा करत राहिले...

"टोक अगदी बरोबर होतं, रायाजी. सुभानाच्या बंदुकीला."