हौसाची दशी

टेकडीच्या पायथ्याशी, फुलबागेच्या कडेला, एक इवलीशी झोपडी होती आणि त्या झोपडीत हौसा नावाची इवलीशी मुलगी राहत होती. नाव हौसा, पण बिचारीची एक हौस म्हणून पुरी झालेली नव्हती. परकर जुना, पोलकं जुनं, घागर जुनी आणि पोचे पडलेली. दारातली शेळी तर इतकी जुनी, की दूध द्यायचं असतं हेच ती विसरून गेली होती. हौसाचे आईवडील ती तान्ही असतानाच देवाघरी गेले. तिला वाढवलं तिच्या आत्याने. आत्याही जुनीच होती, पण हौसाचा तिच्यावर फार जीव.

आत्या गोधड्या शिवायची. लाल, पिवळ्या, मोरपंखी चिंध्या जोडून ती अशी गोधडी करी, की पांघरणाऱ्याला बागेत झोपल्यासारखं वाटे. पण अलीकडे तिच्या डोळ्यांवर साय धरली होती. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच तिला कळे. हौसा सुईत दोरा ओवून द्यायची, तरी टाके वाकडेतिकडे पडायचे. मग लोक गोधड्या शिवायला टाकेनासे झाले आणि चुलीवरचं पातेलं लहान लहान होत गेलं.

"आत्या, तुला पुन्हा दिसायला हवं गं," हौसा म्हणायची.

"मला काय बघायचं राहिलंय आता?" आत्या हसायची. "तुझ्या आईच्या मांडीवर तुला पहिल्यांदा बघितलं, टकामका बघत होतीस. ती अजून डोळ्यांपुढं आहेस. बास झालं मला."

असं ती म्हणायची खरी. पण सुई बोटात घुसली, की तोंड फिरवून हळूच डोळे पुसायची. हौसाला ते दिसायचं.

आता त्या गावची एक रीत सांगते. अवस सरून बीज आली, की संध्याकाळी सगळी मुलं देवळापुढच्या पटांगणात जमायची. पश्चिमेला आभाळ केशरी व्हायचं, मग जांभळं, आणि त्या जांभळ्यात नखाएवढी रुपेरी कोर दिसायची. ती दिसली रे दिसली, की जो तो आपल्या कपड्याची एक दशी, म्हणजे काठाचा एक दोरा, ओढून काढी आणि कोरीकडे फुंकून म्हणे, "चांदोबा चांदोबा, जुनं घे, नवं दे."

सगळी म्हणायची. हौसा तेवढी हात पाठीमागे बांधून, ओठ घट्ट मिटून उभी राहायची.

"चांदोबालासुद्धा एक दोरा देववत नाही हिला," एका बीजेला रंगू नावाची मुलगी नाक मुरडून म्हणाली. "चिकटच आहे."

खरं कारण हौसाने सांगितलं असतं तर सगळी पोट धरून हसली असती. ती चिकट नव्हती, घाबरलेली होती. तिला वाटायचं, आपण 'जुनं घे' म्हणायचं आणि चांदोबाने घरात डोकावून सगळ्यात जुनं काय ते बघायचं. सगळ्यात जुनी तर आत्या. तिलाच उचलून नेलं म्हणजे?

रंगूचं बोलणं मनाला लागलं, म्हणून ती पटांगणातून निघाली आणि तडक फुलबागेत गेली. तिथे पांढरीशुभ्र तगर होती, नाजूक अबोली होती, कण्हेरीचे गुलाबी झुबके होते. तगरीच्या झुडपामागे कोणीतरी मुळूमुळू रडत होतं. हौसाने फांदी बाजूला केली आणि बघतच राहिली.

गवतात एक परी बसली होती. करंगळीएवढी. पंख चतुराच्या पंखांसारखे, आणि हलले की त्यांतून निळा, हिरवा, सोनेरी चुरा उडे. शेजारी तिची चिमणी टोपली उपडी पडली होती आणि रंगीबेरंगी दोरे गवतभर पांगले होते.

"काय झालं गं?" हौसाने विचारलं.

"मी कोरपरी," परी हुंदके देत म्हणाली. "तुम्ही वाहिलेल्या दशा गोळा करून चांदोबाकडे नेते. रोज रात्री त्या दोऱ्यांनी तो आपली कोर थोडी थोडी विणतो. आज कण्हेरीला अडखळले. उजाडायच्या आत दोरे पोचले नाहीत, तर चांदोबा या महिन्यात वाढायचा कसा?"

"एवढंच ना? रडू नकोस. मी वेचते."

हौसा गुडघ्यांवर बसली. लाल दोरा, हळदी दोरा, पोपटी दोरा. काट्यातले काढले, चिखलातले पुसले. रंगूच्या परकराचा जरीचा दोरा मुंगळ्यांच्या वारुळाशी सापडला, तर हाताला डसवून घेऊन तोही काढला. बघता बघता टोपली भरली.

परीने डोळे पुसले आणि खुदकन हसली. "किती गुणाची गं तू. चल, एक मागणं माग. पण नियम आहेत हं. कोर टेकडीआड जायच्या आत मागायचं. अंगावरच्या कपड्याची दशी द्यायची. आणि चांदोबा जे नवं देतो, तेच जुनं घेऊन जातो. नवा परकर दिला, की जुना परकर नेतो. नेलेलं परत मिळत नाही."

हौसाचे डोळे लकाकले. तेवढंच नेतो? मग आत्याला धोका नाही. उगीचच इतके दिवस घाबरले, असं तिला वाटलं. आपल्या विटक्या परकराकडे तिचं लक्ष गेलं, नाही असं नाही. पण ते क्षणभरच.

"आत्याला नवे डोळे दे," ती म्हणाली.

परी उडून हौसाच्या तळहातावर येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तुला फसवणार नाही, बाळ. डोळे नेले, की त्या डोळ्यांनी आजवर पाहिलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. झाडं, माणसं, सगळे चेहरे."

"माझा पण?"

"तुझा पण. ती तुझ्याकडे बघेल आणि तुला ओळखणार नाही."

हौसाने मान वर करून पाहिलं. तिकडे कोर टेकडीवरच्या निंबाला जाऊन टेकली होती.

"दुसरं काहीतरी माग ना," परी अजीजीने म्हणाली. "दुभती शेळी माग. चांदीचे पैंजण माग."

हौसाला आत्याची ती मान आठवली, सुई बोचली की पलीकडे वळणारी. मला नाही ओळखलं तर मी रडेन, तिने मनाशी म्हटलं. पण तिला दिसेल. मी शेजारची पोर म्हणून जाईन, पाणी भरून देईन, जवळ तर असेन.

तिने परकराच्या काठाला हात घातला. काठ इतका झिजलेला, की एक दोरा मागितला तर चार हातात आले. टिकाऊ तेवढा एक निवडून तिने तो कोरीकडे फुंकला. मग ती स्पष्ट म्हणाली, "चांदोबा चांदोबा, आत्याचे जुने डोळे घे, नवे दे."

दोरा वर गेला. कोर एकदा चमकली आणि निंबामागे उतरली.

हौसा घराकडे पळत सुटली. दारापाशी येते तो काय, आतून आत्याचा आवाज. "अगं बाई, केवढी ही जळमटं. आणि या गोधडीवर टाके घातलेत की बेडकं उड्या मारून गेलीत?"

हौसा रडतही होती आणि हसतही होती. आत्या दिवा घेऊन दारात आली. तिचे डोळे पाणीदार, काळेभोर, लखलखीत झाले होते. त्या डोळ्यांनी तिने हौसाकडे पाहिलं.

"कोणाची गं तू, पोरी?" आत्याने विचारलं. "आमची हौसा दिसली का कुठं? दिवेलागण झाली, अजून आली नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही बघ."

मीच हौसा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण गळ्यात आवंढा दाटला होता. शब्दच फुटेना. ती नुसती उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, रडतेस कशाला? ये इकडं." आत्याने दिवा खाली ठेवला. परकी असली तरी लेकरू ते लेकरू. तिला जवळ ओढून आत्याने पदराने तिचं नाक पुसलं, केसांवरून हात फिरवला, गालावरून, हनुवटीवरून. फिरता फिरता हात थांबला.

आत्याने डोळे मिटून घेतले आणि दोन्ही तळव्यांनी तो चेहरा पुन्हा एकदा चाचपला.

"ही तर माझी हौसा," ती म्हणाली. "डोळ्यांचं काय घेऊन बसलीस? ते आत्ता आलेत. त्यांना काय माहीत? हातांनी तुला रोज न्हाऊमाखू घातलंय."

हौसाने आत्याच्या कमरेला मिठी मारली. इतकी घट्ट, की आत्याला दिव्यापर्यंत हात पुरेना.

कौलाच्या फटीतून कोरपरी हे सगळं बघत होती. चांदोबाने नियमाप्रमाणे डोळे नेले होते, पण हातांची गोष्ट कुणी काढलीच नव्हती. परीला इतका आनंद झाला, की जाता जाता तिने हौसाच्या परकरावरून पंख फिरवले आणि काठ सगळा रुपेरी झाला. मग दोऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन ती उंच उडाली. झोपडीवर दुधासारखा उजेड सांडला, तगरी क्षणभर चांदीच्या झाल्या, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

आत्याने काही तो उजेड पाहिला नाही. तिने हौसाला समोर बसवलं होतं आणि नव्या डोळ्यांनी तिचं नाक, भुवया, पडलेला दात, एकेक करून बघत होती.

"अशी दिसतेस होय तू," ती म्हणाली. "जरा तोंड इकडं कर. पुन्हा बघू दे."

चुलीवरची भाकरी करपली, पण आत्याची मान काही तिकडे वळली नाही.