डोलीच्या टपावर बसलेला वास

एक होता राजा. त्याचं राज्य केवढं, हत्ती किती, ते सोडा. राजा आपला महालात लोळतोय, लोळू दे त्याला. आपली गोष्ट आहे त्याच्या लेकीची डोली वाहणाऱ्या दोघांची. पुढे हैबती, मागे सुभाना. पांघरूण घ्या नीट, नि ऐका.

दोघांचं पाऊल असं जुळलेलं की डोलीत भरली वाटी ठेवली तरी दूध सांडायचं नाही. पुढून हैबती सांगायचा, "दगड आला रे." मागून सुभाना म्हणायचा, "आला तसा गेला." मिसरूड फुटलं तेव्हापासून दोघं असेच चालत आलेले. सुभानाला हैबतीच्या तोंडापेक्षा त्याची पाठच जास्त ओळखीची होती, बरं का.

मग एकदा काय झालं, त्या पाठीकडून वास यायला लागला. कुबट, आंबट, नको नको झालेला. डोलीचा दांडा रुतू नये म्हणून खांद्यावर छोटी गादी घेतात. हैबतीची गादी त्याच्या बाची होती. बा गेला, गादी राहिली. गादी धुतली की खांद्यातलं बळ वाहून जातं, असं बा सांगून गेलेला. म्हणून हैबतीनं ती कधी पाण्याला दाखवलीच नाही. घामानं भिजायची, सावलीत सुकायची, पुन्हा भिजायची. मग काय होणार? तुम्ही अंघोळीला टाळाटाळ करता तेव्हा होतं, तेच.

डोलीतली छोटी राजकन्या नाक दाबून बसायला लागली. मग कारभाऱ्यांनी सुभानाला एकट्याला बोलावलं. म्हणाले, "तुम्हा दोघांतल्या एकाला वास येतो. ताईसाहेबांना मळमळतं. कोण तो सांग. त्या आजोळी जाऊन आल्या, की त्यानं घरी बसायचं."

सुभानाच्या जिभेवर नाव आलं. ते त्यानं गिळलं. "ठाऊक नाही, सरकार," म्हणाला.

मग कारभाऱ्यांनी हैबतीला आत घेतलं. तो बाहेर आला. काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि सुभानानंही विचारलं नाही.

आणि इकडे एक अजब झालं. सुभानानं शब्द गिळला ना, तसे त्या वासाला पाय फुटले. मांजराएवढा होऊन तो टुणकन डोलीच्या टपावर जाऊन बसला. दिसत कुणाला नव्हता. पण दांडा खांद्याला जड लागायला लागला.

सुभानाला चैन पडेना. ताटावर बसला की उठायचा, उठला की कुठं जावं ते सुचेना. सांगावं, तर हैबतीच्या मेलेल्या बाला नावं ठेवल्यासारखं होणार. न सांगावं, तर कारभारी हुंगत हुंगत शोधून काढणार आणि हैबती घरी बसणार. मग डोलीला पुढे कोण? दुसऱ्या कुणाबरोबर सुभानाचं पाऊल जुळणारच नव्हतं.

मग त्यानं युक्ती केली. पिशवीभर रिठे नेऊन हैबतीला दिले. म्हणाला, "घे, धुवायला चांगले आहेत." हैबती खूश. म्हणाला, "आमच्या मंडळींना देतो, लुगडी चमकतील." लुगडी चमकली, गादी तशीच. सुभानानं पुन्हा शब्द गिळला, आणि टपावरचं मांजर झालं बोकडाएवढं.

मग दुसरी युक्ती. लेकी बोले सुने लागे, म्हणतात ना? तसा तो आपल्याच गादीला बोलायला लागला. "किती घाण झालीय ही माझी गादी. धुवायलाच हवी." हैबती चटकन म्हणाला, "खरंय बाबा. आण इकडे, मीच धुतो." आणि नदीवर जाऊन त्यानं सुभानाची गादी चोळचोळून धुतली, वर नाकाशी नेऊन हुंगून पाहिली. सुभाना काठावर नुसत्या येरझारा घालत राहिला. तिसऱ्यांदा शब्द गिळला. बोकडाचा झाला रेडा. हसू नका, तुमच्या खांद्यावर रेडा बसला म्हणजे कळेल.

मग राजकन्येला आजोळी न्यायचा दिवस आला. वाटेत घाट. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, मध्ये वाट एवढीशी. आणि टपावर रेडा. "दगड आला रे," हैबती म्हणाला. सुभानाच्या तोंडून उत्तर निघेना, घशात गिळलेले शब्द दाटून बसलेले. त्याचा पाय सटकला. डोली दरीकडे कलली. आत राजकन्या रडायला लागली. हैबतीनं दांडा छातीशी आवळला, गुडघे टेकले, आणि कशीबशी डोली सावरली.

सुभाना भेदरला. आपण मित्राचं मन राखत बसलो आणि लेकराला दरीत घालत होतो, हे त्याला कळलं. पुढे वाट रुंद झाली, तशी त्यानं डोली झऱ्यापाशी झाडाखाली टेकवायला लावली. मागची जागा सोडून पुढे आला, आणि हैबतीच्या तोंडासमोर उभा राहिला.

म्हणाला, "हैबती, तुझ्या गादीला वास येतो. लई दिवस येतोय. कुणी चारचौघांत तुला बोललेलं मला सोसायचं नाही, म्हणून मीच सांगतो. तुझ्या बाला मी नावं ठेवत नाही. चल, दोघं मिळून धुऊ."

हैबतीनं गादी नाकाशी नेली, आणि मटकन खाली बसला.

"अरे, मला वाटायचं, वास तुझा आहे," तो म्हणाला. "कारभाऱ्यांनी विचारलं, कुणाचा? तुला घरी बसवतील म्हणून मी म्हटलं, माझा. तुझ्यासाठी खोटं बोललो, आणि ते खरंच निघालं बघ."

सुभानाला हसू आलं आणि रडूही आलं. मग दोघं झऱ्यात उतरले. पाणी आधी काळं निघालं, मग तांबूस, मग नितळ. मध्येच हैबतीचा हात थांबला. "बळ गेलं तर रे?" सुभाना म्हणाला, "गेलं तर माझ्यातलं अर्धं घे." इकडे टपावरच्या रेड्याचा झाला बोकड, बोकडाचं मांजर, आणि मांजर गेलं पाण्याबरोबर वाहून. बळ कुठं गेलं नाही. डोली फुलासारखी उचलली गेली.

आजोळाहून परत आल्यावर कारभारी डोलीभोवती हुंगत फिरले. काही म्हणता काही नाही. मग हैबतीला म्हणाले, "तुझा वास होता म्हणालास. गेला कुठं?"

सुभाना पुढे झाला. "सरकार, तो माझा होता."

हैबती म्हणाला, "नाही सरकार, माझाच."

कारभाऱ्यांनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. म्हणाले, "होता ना? मग झालं. उद्या उजाडताच डोली काढा, दोघंही."

मग काय, राजकन्या मोठी झाली, हैबती आणि सुभाना म्हातारे झाले, आणि सगळे सुखात राहिले. घरी जाऊन त्या दोघांना जशी गाढ झोप लागली, तशी तुम्हालाही लागो. मिटा डोळे. आणि सकाळी उठलात की आधी अंघोळ, बरं का.