पुंजामायचा जगरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा मोहदरीला सडक नव्हती, ओढ्यावर पूल नव्हता आणि गावातल्या आज्यांच्या आज्या परकरात होत्या. तेव्हा गावात पुंजा नावाची एक बाई होती. तिचं गाव कोणतं, आईबाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका दुष्काळी साली पोटासाठी निघालेली माणसं गावावरून गेली. ती पुढे गेली आणि ही पोर ओढ्याकाठी मागे राहिली, असं म्हणतात.

पोरीला वाढवलं कुणी? सगळ्यांनी, आणि कुणीच नाही. कुणी दारातून भाकरी टाकली, कुणी जुनं लुगडं दिलं. घरात मात्र कुणी घेतलं नाही. कुणी जात विचारली तर ती म्हणायची, "भूक लागली होती ना बाप्पा, तिच्यात इसरली."

मोठी झाल्यावर पुंजा शेण गोळा करून गोवऱ्या थापू लागली. तिच्या गोवऱ्या अशा जळत की निखारा दुपारपर्यंत धगधगत राही. मोहदरीतल्या प्रत्येक चुलीत पुंजाच्या गोवऱ्या असत. तिच्या हातची गोवरी चाले, तिच्या हातचं पाणी चालत नसे. याचं नवल तेव्हा कुणाला वाटलं नाही, हेच खरं नवल आहे.

पुंजाला एकच हौस होती. तिला पंगतीत बसायचं होतं. सोनं नको, लुगडं नको. डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक माणूस, समोर पळसाची पत्रावळ आणि मध्ये बसून जेवायचं, एवढंच. ही हौस तिनं कुणाला सांगितली नाही. पण पंगत बसली की ती दूर उभी राहून जेवणाऱ्यांकडे अशी बघायची की न सांगताच कळत होतं.

आता मोहदरीची रीत ऐका. माघ महिन्यात अख्खं गाव ओढ्याकाठी मातामायच्या ठाण्याशी जमायचं आणि रोडगे करायचं. जाडं दळलेलं गव्हाचं पीठ, त्यात मीठ आणि तेलाचं मोहन. पुऱ्यांवर पुऱ्या ठेवून वळलेला मुठीएवढा गोळा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा जगरा करायचा आणि त्या राखेत गोळे पुरून भाजायचे. भाजल्यावर राख झटकायची, रोडगा फोडायचा, त्यावर तूप ओतायचं. जोडीला तुरीचं वरण आणि वांग्याची रसरशीत भाजी. त्या वासानं शेजारच्या गावातली कुत्रीसुद्धा मोहदरीची वाट धरत.

पण गाव एक असलं तरी जगरा एक नव्हता. प्रत्येक आळीचा जगरा वेगळा, धूर वेगळा, पंगत वेगळी. चांगली सपाट जागा आळ्यांनी वाटून घेतली होती. पुंजाला लोटत लोटत पार वर खडकापाशी नेलं होतं. तिथं पुढे आलेल्या कातळाखाली ती आपला सुपाएवढा जगरा लावायची, दोन रोडगे भाजायची आणि दगडाकडे तोंड करून खायची.

एका वर्षी काय झालं, रोडगे वळून झाले, जगरे लालभडक झाले आणि आभाळ फाटलं. माघातला पाऊस तो, कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. घटकाभर असा कोसळला की सपाट जागेवरचे सगळे जगरे चिखलात विझून गेले. गोवऱ्यांचा लगदा झाला. बायकांनी पदराखाली झाकले म्हणून कणकेचे गोळे तेवढे वाचले.

आणि मातामायचा नियम कडक होता. दिवस मावळायच्या आत भाजलेल्या रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, त्याआधी कुणी खायचं नाही. नैवेद्य चुकला तर वर्षभर गावात सुखाचा घास नाही. लेकरं सकाळपासून उपाशी होती. दिवस कलला होता.

तेवढ्यात कुणीतरी वर बघितलं. कातळाखालून सरळ, निळा धूर निघत होता.

गावचे पाटील तानबाजी स्वतः वर चढून गेले. त्यांच्यामागे गाव.

"पुंजे," तानबाजी म्हणाले, "थोडा इस्तो दे. आमी आपापले जगरे पेटवतो."

"इस्तो घेऊन जासान पाटील, पन ठेवसान कुठी? खाली तर चिखल हाय."

"मंग काय करावं म्हन्तं?"

"रोडगेच इथं आना. जागा हाय."

गर्दीत उकंडा होता. तोंडाचा मोठा फटकळ. तो म्हणाला, "घ्या. सुपायेवढा जगरा अन् गावाचे रोडगे. म्हन्ते जागा हाय."

"तुमचा रोडगा तुमच्या तोंडायेवढा नसला उकंडभाऊ, तर मावते."

लोक हसले. तानबाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "खुना करा आपापल्या रोडग्यायले. अन् पुंजे, ध्यानात ठेव. एकाचा रोडगा दुसऱ्याच्या पानात गेला, तर उद्या तुयं बिऱ्हाड या गावात दिसलं नाई पायजे."

पुंजा नुसतं "बरं" म्हणाली. दुसरं गाव तिला माहीत होतं कुठे?

मग खुणा झाल्या. पाटलांच्या आळीनं रोडग्यावर अंगठा दाबला. कुणी नखानं रेघ मारली, कुणी तुरीचा दाणा रोवला, कुणी चिमटीनं कान काढला. पुंजानं एकेक गोळा राखेत पुरला. असं म्हणतात की गोळे जात गेले तसा जगरा रुंद होत गेला. सुपाएवढा होता तो खळ्याएवढा झाला. कातळ तापला, पण फुटला नाही. पुंजाच्या गोवऱ्या सरल्या, पण निखारा सरला नाही. शेवटचा रोडगा उकंडाचा होता, तोही मावला.

भाजल्याचा खमंग वास सुटला तशी पुंजानं राख लोटली. फडक्यात घालून रोडगे झटकले. आणि गाव वाकून बघू लागलं.

एकाही रोडग्यावर खूण नव्हती. अंगठे फुगून वर आले होते, रेघा भेगांत मिसळल्या होत्या, कान खरपुडीत विरले होते, तुरीचे दाणे जळून राख झाले होते. सगळे रोडगे सारखे. सारखेच गोल, सारखेच उकललेले, सारख्याच रंगाचे.

"खुना कुठी गेल्या?" तानबाजींनी विचारलं.

"जगऱ्याले इचारा पाटील. म्या राख लोटली फक्त."

सूर्य डोंगराला टेकत होता. वाद घालायला वेळ नव्हता. तानबाजींनी हाताला लागला तो रोडगा उचलला आणि मातामायपुढे ठेवला. तो कुणाच्या घरचा होता, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. मातामायनं तक्रार केली नाही.

नैवेद्य झाला, पण जेवायला कुणी पुढे येईना. उकंडा म्हणाला, "मी चवीनं वळखतो. माया बायकोच्या हातचं मीठ मले आंधारात समजते." त्यानं एक तुकडा मोडला, डोळे मिटून खाल्ला. "हा आमचा." दुसरा मोडला. "हाबी आमचाच." तिसरा खाल्ला आणि म्हणाला, "हाबी आमचाच वाटते." त्याची बायको मागून म्हणाली, "आता समदं गावच आपलं म्हना, म्हनजे पोट भरेपर्यंत खाता येईन."

हसू फुटलं, पण पाय हलले नाहीत. सगळे पाटलांकडे बघत होते. पाटील पुंजाकडे बघत होते, आणि पुंजा आपल्या झोपडीकडे. तिनं मनातल्या मनात गाडगी-मडकी बांधायला घेतली होती.

तेव्हा पाटलांची म्हातारी आई, भिवरामाय, चाचपडत पुढे आली. तिला दिसत नव्हतं आणि बोटांत जोर नव्हता. ती पत्रावळीपाशी बसली आणि म्हणाली, "तानबा, मले भूक लागली. कोनाचाबी दे, पन फोडून दे."

सगळ्यांत जवळ पुंजा उभी होती. तिनं गरम रोडगा उचलला आणि विचारलं, "पाटील, फोडू?"

तानबाजींनी तोंड उघडायच्या आत म्हातारीच बोलली, "त्याले काय इचारतं? भूक माई हाय."

पुंजानं रोडगा दाबला. तो फुटला आणि आतून पांढरी वाफ निघाली. असं म्हणतात की ती वाफ इतकी दाट होती की क्षणभर कोण कुठल्या आळीचं ते दिसेना. पुंजानं तूप ओतलं आणि घास म्हातारीच्या हातात दिला. भिवरामायनं तो खाल्ला, सावकाश. मग तिनं अंदाजानं हात लांब केला, पुंजाचा पदर धरला आणि खाली ओढला.

"उभी कावून? बस. एकटीनं गोड लागत नाई."

पुंजा बसली. उजवीकडे म्हातारी होती. डावीकडची जागा रिकामी होती.  मग तानबाजींनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, पत्रावळ ओढली आणि त्या रिकाम्या जागी बसले. "वाढा," ते एवढंच म्हणाले. त्यानंतर अख्खं गाव बसलं, जिथं जागा मिळेल तिथं. बिऱ्हाड हलवायचं पुन्हा कुणी बोललं नाही. प्रत्येकाचाच रोडगा दुसऱ्याच्या पानात गेला होता. काढायचं तर सगळं गाव काढावं लागलं असतं.

त्या दिवशी रोडगे सरलेच नाहीत, असं म्हणतात. ओढ्यापलीकडून जाणारे गाडीवान जेवले, त्यांचे बैल जेवले, तरी फडक्याखाली रोडगे होतेच. पुंजा जेवत राहिली. ती किती जेवली हे कुणी बघितलं नाही, कारण पहिल्यांदाच तिच्याकडे परकी म्हणून कुणी बघत नव्हतं.

पुढे ती खूप वर्षं जगली. गाव तिला पुंजामाय म्हणू लागलं. ती गेली तेव्हा गावातल्या सगळ्या घरांनी सुतक पाळलं. तिची समाधी नाही, तसबीर नाही. कातळाचा काळा झालेला पोटाचा भाग तेवढा आहे, आणि तो पावसानं धुऊन निघत नाही.

आता मोहदरीत गॅस आला, लग्नात लोक हातात ताटल्या घेऊन उभ्यानं जेवतात आणि कुणाशेजारी कोण आहे हे बघायला कुणाला फुरसत नाही. पण माघातल्या त्या दिवशी शहरात गेलेली माणसंसुद्धा परत येतात. कातळाखाली गावाचा एकच जगरा लागतो. रोडग्याला खूण करायची नाही. पंगतीत आपल्या घरच्या माणसाशेजारी बसायचं नाही. आणि आपला रोडगा आपण फोडायचा नाही. तो शेजारच्यानं फोडायचा आणि आपण त्याचा. रोडगे थेट निखाऱ्यातून येतात, निवायला वेळ कुणी देत नाही. म्हणून त्या दिवशी मोहदरीत प्रत्येकाची बोटं थोडी पोळतात, आणि ती दुसऱ्याच्या घासासाठी पोळतात.