पहिला दिवस गल्लीचा

एका गावात लोखंडी पेट्या भाड्याने देणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. पेट्या दागिन्यांच्या नव्हेत हो! घर पाडलं, दुकान मोडलं की जो राडारोडा निघतो, तो भरायच्या. खोलीएवढी पेटी दारात ठेवायची, भरली की ट्रकवर चढवून न्यायची, असा हा व्यवसाय. चाळीस वर्षं त्यांनी तो निष्ठेने केला. लोक त्यांना नाना म्हणत.

त्यांच्याकडे मृदुला नावाची एक स्त्री धंदा शिकायला आली. शाळेतली नोकरी सोडून बाईमाणसाने कचऱ्यात हात घालावा, म्हणून सासर-माहेर दोन्हीकडचे टोमणे खाऊन आलेली. सहा महिन्यांनी नानांनी तिच्यावर पहिलं स्वतंत्र काम सोपवलं. एका कापड-व्यापाऱ्याचं जुनं दुकान आठ दिवसांत मोकळं करून द्यायचं होतं. हे फसलं असतं, तर तिला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

पहिल्याच सकाळी घात झाला. आदल्या संध्याकाळी गल्लीत दुकानासमोर रिकामी ठेवलेली पेटी काठोकाठ भरलेली. फाटक्या गाद्या, मोडके कूलर, नारळाच्या करवंट्या. गल्लीने आपली घरं झाडून घेतली होती. मृदुलाने पेटी रिकामी करून आणली, वर ताडपत्री ताणली, साखळी आवळून कुलूप घातलं. दुसऱ्या सकाळी ताडपत्री फाटलेली आणि ढिगाच्या माथ्यावर एक फुटकं कमोड विराजमान. कापडवाले शेठजी संतापले. म्हणाले, "बाई, माझी माणसं हात बांधून बसलीत. आणखी एकदा हे दिसलं, तर मी दुसऱ्याला बोलावतो."

ती रडकुंडीला येऊन नानांकडे गेली. "पहारेकरी ठेवते नाना, नाहीतर पोलिसांत जाते."

"आधी पेटी रिकामी करून आण," नाना म्हणाले. "उद्या सकाळी मी येतो."

तिसऱ्या दिवशी नाना आले, भर गल्लीत खुर्ची टाकून बसले आणि दारोदार निरोप धाडला. आजचा दिवस पेटी तुमची, ज्याला जे काढायचं ते खुशाल काढा. मृदुलाचं धाबं दणाणलं. आठातले दोन दिवस वाया गेलेले, आणि हे तिसराही वाटून मोकळे! पण गुरूचा शब्द मोडायचा कसा? मग पदर खोचून तीही कामाला लागली. एका आजींच्या पलंगाखालचं गंजलेलं शिवणयंत्र तिने स्वतः ओढून काढलं. "अठरा वर्षं पडून होतं गं," आजी म्हणाल्या. संध्याकाळी पेटी भरून गेली आणि रिकामी होऊन परत आली.

चौथ्या सकाळी मृदुला उजाडताच पोचली. पेटीत काडीसुद्धा नव्हती. रात्री कचरा टाकायला आलेल्या एका परक्या टेम्पोवाल्याला आजींनीच हुसकून लावलं होतं.

"नाना, ही जादू कसली?"

"जादू कसली आलीय," नाना म्हणाले. "मोडकं सामान प्रत्येकाच्या घरात असतं, ते टाकायला मात्र जागा नसते. आपण त्याची वाट अडवून एवढी पेटी ठेवायची आणि वर हात लावू नका म्हणायचं. माणूस चिडणारच. चोरून टाकणारा पेटीचा वैरी होतो. त्यालाच मानाने बोलावलं की पेटी त्याला आपली वाटते, आणि आपल्या वस्तूची राखण कोण करत नाही? दहा वर्षं मीही कुलपंच लावत होतो, पोरी."

पुढे काम असं झपाट्याने उरकलं की सातव्याच दिवशी दुकान मोकळं झालं. शेवटची पेटी निघाली तेव्हा गल्लीने आपणहून स्कूटर बाजूला घेतल्या, टाळ्या वाजवल्या. मृदुलाला आनंद पोटात मावेना.

शेठजी पुढे आले. "मानलं बाई तुम्हाला. बाजारात माझं मोठं गोदाम पाडायचंय. सोमवारी या आणि सरळ कामाला लागा."

"सोमवारी पेटी आणते शेठजी," मृदुला म्हणाली, "पण तुमचं काम मंगळवारी. सोमवार तिथल्या गल्लीचा."

शेठजींनी खुर्चीत बसलेल्या नानांकडे पाहिलं. नानांनी उठून ती खुर्ची मृदुलाच्या हाती दिली.