सत्काराची एकुलती शाल

"आजपासून या जंगलात खरूज उरलेली नाही!" भालोजी महाराजांनी सिंहासनावरून गर्जना केली, आणि टाळ्या थांबायच्या आत त्याच सिंहासनाच्या दांडीला पाठ घासायला सुरुवात केली.

भालोजी म्हणजे अस्वल. जंगलात लोकशाही होती, म्हणून दर निवडणुकीला तेच निवडून येत. सभा संपल्यावर त्यांनी राजवैद्य साळूबाईंना बाजूला घेतलं. साळूबाई म्हणजे साळिंदर. हाताला गुण होता, पण अंगाला काटे, त्यामुळे त्यांच्या फार जवळ कोणी जात नसे.

"बाई, घोषणा तर झाली. आता पौर्णिमेच्या आत तशी परिस्थिती करून द्या. नाहीतर तुमचं बीळ सरकारजमा."

बिळात साळूबाईंची पिल्लं होती. त्या निमूट कामाला लागल्या.

सरकार काही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. कोणी कोणाला शिवायचं नाही, हुंगायचं नाही, पाणवठ्यावर एकेकट्यानेच जायचं, असं फर्मान केव्हाच निघालं होतं. प्रजेने ते इतक्या निष्ठेने पाळलं की महाराजांना भरून आलं. त्यांनी अंतर पाळणाऱ्यांचे जाहीर सत्कार सुरू केले. सत्कारांना पाय ठेवायला जागा नसे. शुभारंभ म्हणून पहिला सत्कार महाराज स्वतःचाच करून घेत. मग हरणं, ससे, भेकरं ओळीने व्यासपीठावर येत. सचिव हुप्पाजी वानर एकाच्या खांद्यावर शाल घाली, टाळ्या पडत, आणि टाळ्यांच्या आडून तीच शाल पुढच्याच्या खांद्यावर जाई. दुसऱ्या दिवशी सत्कारमूर्ती झाडाच्या खोडाला अंग घासताना दिसत.

"काय हो, खरूज?"

"छे! समाजासाठी झिजतोय."

साळूबाई बिळाबिळातून हिंडल्या. मुंग्या ठणठणीत होत्या. गांडुळं ठणठणीत होती. उंदीर तर विचारूच नका. यांचा सत्कार कोणाला कधी सुचलाच नव्हता.

साळूबाई भरसभेत उभ्या राहिल्या. "महाराज, रोग हवेत नाही, पाण्यात नाही, शालीत आहे. तुम्ही सगळ्यांना लांब लांब ठेवलंत आणि मग एकेकाला बोलावून एकाच शालीत गुंडाळलंत. जाळून टाका ती."

सरकारी कागदांत दर सत्काराला नवी शाल होती.

"एकच शाल?" हुप्पाजी किंचाळला. "बाई, हा समस्त विणकरांचा अपमान आहे!"

विरोधी पक्षनेते तरसोजी, जातीने तरस, ताडकन उठले. "चौकशी झालीच पाहिजे! आम्ही या व्यासपीठाची पायरी कधी चढलो नाही, चढणार नाही!" बोलता बोलता त्यांनी काख खाजवली. मग मान. मग मागचा पाय कानामागे गेला तो काही केल्या थांबेना.

"अगंबाई! मग तुम्हाला कुठून लागली?" साळूबाईंनी वैद्याच्या काळजीने विचारलं.

"ही वैचारिक आहे," तरसोजी म्हणाले.

मागच्या रांगेत खसखस पिकली. शाल राजवाड्याच्या मागच्या दारानेही बाहेर जात होती, हे आता उंदरांनाही कळलं. महाराज झाडावरची पानं मोजू लागले. हुप्पाजीने वेळ मारून नेली.

"रोगाचं मूळ शोधणाऱ्या साळूबाईंचा सत्कार झालाच पाहिजे!"

"मला नको हो. घरी पिल्लं आहेत."

"घर आहे तोवर घरी," महाराज हळूच म्हणाले.

शाल अंगावर पडली. साळूबाई शहारल्या, काटे ताठ झाले आणि शाल टराटरा फाटली. चिंध्या उडाल्या. सुटलं बाई जंगल एकदाचं, असं साळूबाईंच्या मनात आलं. पण आजवर फक्त लांबून पाहिलेली शाल प्रजेच्या हाताशी आली होती. "मला! मला!" करत झुंबड उडाली. ससे हरणांवर, उंदीर सशांवर. मुंग्यांनीसुद्धा एकेक धागा ओढून नेला.

"घरोघरी सत्कार योजना!" महाराजांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. ही कल्पना मुळात आपल्याच पक्षाची, असं तरसोजींनी पत्रकारांना सांगितलं.

सभा खाजवत खाजवत पांगली. साळूबाई महाराजांजवळ गेल्या. "महाराज, माझं बीळ...?"

"राहू द्या तुमचं तुम्हाला." महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तेवढा एक काटा द्याल का, बाई? पाठीला आमचा हात पोचत नाही, आणि पाठीशी उभे आहेत ते सगळे आपापलं खाजवण्यात गुंतलेत."