बाळकूची पहिली गिटार

कुरणवाडीत बाळकू नावाचा एक गडी राहायचा, आणि तो इतका भोळा होता की गावातले बाकीचे भोळे त्याच्याकडे बघून स्वतःला हुशार समजायचे. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. जसं सांगितलं तसंच करायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

बाळकूचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकाणांहून नकार आला. अशात त्याच्या मामानं, गणपामामानं, शेजारच्या पिंपळदऱ्याची मालन सुचवली. मालन कॉलेजात शिकलेली. तिची अट एकच होती. नवरा गरीब असला तरी चालेल, पण सुपारी फुटायच्या आधी त्यानं गिटारवर एक गाणं धड वाजवून दाखवायचं. दोन महिन्यांची मुदत दिली होती.

"गिटार म्हंजी काय रं?" बाळकूच्या आईनं, कोंडाबाईनं विचारलं.

"तुणतुण्याची शहरातली थोरली बहीण," मामा म्हणाला. मामानं गिटार जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे सल्ला द्यायला तो मोकळा होता.

कोंडाबाईनं दोन शेळ्या विकल्या. आलेले पैसे रुमालात बांधून तिनं बाळकूच्या हातात दिले. "एवढ्यातच भागव लेकरा. ह्याच्या म्होरं काय न्हाई. स्वस्तातली बघ."

"समजलं," बाळकू म्हणाला. आणि तालुक्याला गेला.

तालुक्यात वाद्यांचं एकच दुकान होतं. "शेठ, सगळ्यात स्वस्तातली गिटार द्या," बाळकू म्हणाला. शेठनं त्याला लाल प्लास्टिकची गिटार दिली. बटण दाबलं की ती आपोआप तीन गाणी वाजवायची आणि मधेमधे कुत्र्यासारखी भुंकायची. बाळकूला फार आनंद झाला. शिकायची कटकटच मिटली होती.

ती घेऊन तो डिमेलो मास्तरांकडे गेला. मास्तर पूर्वी लग्नाच्या बँडात होते, आता तालुक्यातल्या पोरांना गिटार शिकवायचे. त्यांनी बटण दाबलं. गिटार भुंकली. मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अरे बाबा, हे पोरांचं खेळणं. स्वस्तातली म्हणजे ही नव्हे. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती ठोकून बघावी, वाजवून बघावी. आवाज पसंत पडला तरच पैसे द्यावेत. समजलं?"

"समजलं," बाळकू म्हणाला.

संध्याकाळी मामा जेवायला येणार होता. कोंडाबाईनं बाळकूला दोन डझन अंडी आणायला धाडलं. बाळकूनं पहिलं अंडं बोटानं ठोकलं. वाजलं नाही. मग दुकानाच्या फळीवर ठोकलं. वाजलं, पण आवाज त्याला पसंत पडला नाही. दुसऱ्याचाही नाही. एकविसाव्या अंड्याला अंडीवाल्यानं त्याची गचांडी धरली. बाळकू घरी आला तो बादली घेऊन. बादलीत अंडी होती, फक्त ती मोजता येत नव्हती.

कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अरं शान्या, नाजूक मालाला असं ठोकत्यात व्हय? नाजूक मालाला हातच लावायचा न्हाई. लांब हुभं ऱ्हायचं. भुशात बांधून द्या म्हणायचं आन् न उघडता घरी आणायचं. समजलं?"

"समजलं," बाळकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वाद्यांच्या दुकानी गेला. आत शिरला नाही. रस्त्याच्या पलीकडे, हात मागे बांधून उभा राहिला.

"शेठ, खरी गिटार द्या! भुशात बांधून!"

"अरे, आत तर ये! बघ, वाजव, कुठली पायजे ते सांग!"

"न्हाई, हात लावायचा न्हाई! तुम्हीच द्या!"

शेठच्या तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. देवाला हात जोडून त्यांनी मागच्या खोलीतली गिटार काढली. छप्पर गळायचं त्या कोपऱ्यात ती तीन पावसाळे उभी होती. शेजारच्या पेंडीच्या दुकानातून भुसा मागवला, गोणपाट गुंडाळलं आणि नव्या गिटारचे पैसे घेतले.

मास्तरांनी गोणपाट सोडलं. गिटारच्या भोकातून आधी भुसा आला. मग दोन झुरळं आली. तिची दांडी विळ्यासारखी वाकली होती, आणि तारा दांडीपासून इतक्या उंच की खालून उंदीर आरामात गेला असता.

"ही दाबायला पैलवान लागेल," मास्तर म्हणाले. "अरे, घेताना सरळ आहे की नाही एवढं तरी बघायचं! एक डोळा मिटायचा. दुसऱ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघायचं. कुठं बाक नाही ना, खात्री करायची. आणि मगच पसंत म्हणायचं. समजलं?"

"समजलं," बाळकू म्हणाला.

त्या रविवारी मुलगी बघायला पिंपळदऱ्याला जायचं होतं. मालनचे वडील, रावजीआबा, यांनी ओसरीवर सतरंजी अंथरली. पोहे झाले, चहा झाला. मग गणपामामानं मालनला ओसरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालायला लावलं. सुईत दोरा ओवायला लावला. वर्तमानपत्र वाचून घेतलं. उंची मोजायला तिला कोंडाबाईशेजारी उभं केलं, आणि वेणी खरी आहे ना, तेही कोंडाबाईकडून बघून घेतलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मुलगी अशीच बघतात.

"मग बाळकू," मामा म्हणाला, "तुला पसंत हाय का?"

बाळकू उठला. मालनसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं एक डोळा मिटला आणि तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग बाजूला गेला, दुसरा डोळा मिटला आणि पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"सरळ हाय," तो म्हणाला. "पसंत."

रावजीआबा ताडकन उठले. "माझ्या ओसरीवर माझ्या पोरीला डोळा मारतोस व्हय रं?"

पोह्यांच्या बशा लवंडल्या. मामा गयावया करू लागला. कोंडाबाईनं पदर तोंडावर ओढला. मालन मात्र हसत होती.

"आबा, बसा," ती म्हणाली. "मामांनी मला सुई ओवायला लावली तवा तुम्ही गप होता. ह्यांनी नुस्ता एक डोळा मिटला. गाणं वाजवू द्या त्यास्नी. मग बघू."

पोर गुणाची होती. बाळकूचं नशीब तिच्या रूपानं चालून आलं होतं, आणि बाळकू तिथं दुसऱ्या डोळ्यानं खुंटीवरच्या छत्रीचा बाक बघत होता.

घरी परतताना मामानं त्याला वाटभर झोडपलं. "मोठ्या माणसांम्होरं मान खाली घालायची. ती म्हणतील त्याला 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायचं. एवढंच म्हणायचं. समजलं?"

"समजलं," बाळकू म्हणाला.

सोमवारी कोंडाबाईनं उरलेसुरले पैसे दिले आणि वाकडी गिटार बदलून आणायला त्याला दुकानी पाठवलं. शेठ वयानं मोठे होते. बाळकूनं मान खाली घातली.

"ही बदलून नाही मिळणार," शेठ म्हणाले. "दुरुस्तीला इथंच ठेवावी लागेल."

"तुम्ही म्हणाल तसं."

शेठनं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "दुरुस्तीचे पैसे आगाऊ लागतात."

"तुम्ही म्हणाल तसं."

"आणि गिटार आली म्हणजे ठेवशील कशात? पिशवी घेऊन जा. गळ्यात अडकवायला पट्टा घे. उभी करायला स्टँड घे."

"तुम्ही म्हणाल तसं."

"दुरुस्तीला वीस वर्षं तरी लागतील बघ."

"तुम्ही म्हणाल तसं."

बाळकू घरी आला तेव्हा पाठीला पिशवी होती, गळ्यात पट्टा होता, हातात स्टँड होता. गिटार नव्हती, आणि रुमालात पैसे नव्हते. कोंडाबाई उंबऱ्यावर बसून रडली. इथं मलाही हसू येत नाही. पण कुरणवाडीत विचाराल तर अजूनही बाळकूला मूर्ख म्हणतात आणि शेठना व्यवहारी.

शेवटी डिमेलो मास्तरांनाच त्याची दया आली. त्यांनी भिंतीवरची आपली जुनी गिटार काढली. रंग उडालेला होता, पण दांडी सरळ होती आणि तारा बोटानं सहज दाबता येत होत्या. "ही घे," ते म्हणाले. "रोज दोन तास बसायचं."

बाळकू रोज दोन तास बसला. बोटांना फोड आले तरी बसला, कारण फोड आल्यावर उठायचं असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीआम्ही हुशार माणसं. आपण अशी वाद्यं हौसेनं घेतो, दहा मिनिटांत बोटं दुखली म्हणून उठतो आणि वर्षभरानं ती माळ्यावर टाकतो. बाळकूला तेवढी अक्कल नव्हती. दीड महिन्यात त्याला एक गाणं अगदी सुरेख वाजवता यायला लागलं.

पिंपळदऱ्याला जायच्या सकाळी मात्र तो रडवेला होऊन मास्तरांकडे आला. गिटार उंबऱ्याला आपटली होती आणि तिच्या अंगावर लांबलचक ओरखडा उठला होता.

मास्तरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अरे, एवढा जीव जाळू नको. पहिली काही जन्माची नसते, शिकण्यापुरती असते. आपटली, ओरखडा पडला, तर मनाला लावून घ्यायचं नाही. हिच्यावर तुझा हात बसू दे. मग मनासारखी नवी घे, आणि ही देऊन टाक एखाद्या शिकणाऱ्या पोराला. समजलं?"

"समजलं," बाळकू म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. वाटभर तो हेच घोकत गेला.

आबांच्या ओसरीवर या वेळी निम्मं पिंपळदरं जमलं होतं. बाळकूनं गिटार मांडीवर घेतली आणि गाणं वाजवलं. एकही सूर चुकला नाही. म्हाताऱ्या बायकांनी माना डोलावल्या. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडाबाईच्याही आलं, पण तिला विकलेल्या शेळ्या आठवल्या असाव्यात.

भटजींनी पाटावर सुपारी ठेवली. आबांनी अडकित्ता हातात घेतला आणि ते जरा थांबले.

"पावणं, वाजवलं झ्याक. आता बापाचं काळीज म्हणून एकच इचारतो. लई लाडाची पोर हाय माझी. कशी सांभाळाल तिला?"

"बोल रं," मामा म्हणाला. "मनापास्नं बोल."

बाळकूनं घसा खाकरला.

"आबा, एवढा जीव जाळू नका. पहिली काय जन्माची नसती, शिकण्यापुरती असती. आपटली, ओरखडा पडला, तर मी मनाला लावून घेणार न्हाई. हिच्यावर माझा हात बसू द्या. मग मनासारखी नवी घेतो."

भटजींनी पाटावरची सुपारी उचलून हळूच पिशवीत टाकली. अडकित्ता मात्र आबांच्या हातातच राहिला. गणपामामा चपला न घालता अंगणापर्यंत पोचला होता. मालन बाळकूकडे बघत होती, आणि आज ती हसत नव्हती.

बाळकूला वाटलं, या लोकांना मालनची काळजी वाटतेय. त्यानं आबांना धीर दिला.

"हिला वाऱ्यावर सोडणार न्हाई, आबा," तो म्हणाला. "एखादं गरीब, शिकणारं पोरगं बघीन आन् देऊन टाकीन. फुकट."