बॅलन्सरवरचं फूल

इंजिनं आपल्या मिस्त्रीशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. शर्यतीच्या एका गाडीत क्रँक नावाचा पोलादी दांडा राहायचा. पिस्टनांचे दणके न डगमगता खात तो गाडी पळवायचा, म्हणून पिस्टनही त्याला वचकून असत. त्याच्या टोकाला, इंजिनाच्या बाहेर, बॅलन्सर नावाचं जाडजूड, रबर भरलेलं चाक बसवलेलं होतं.

खंडेनवमीला जयसिंग मिस्त्रींनी इंजिनाची पूजा केली. हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळालं ते समोर दिसणाऱ्या बॅलन्सरला. आत तेलात बुडालेल्या क्रँकचा नुसता जळफळाट झाला. राबराब राबायचं आपण, आणि फूल या आयतोबाला!

"मिस्त्री, या लठ्ठ्याचं ओझं काढा," तो म्हणाला. "त्याच्या जागी ती फळीवरची चकचकीत हलकी पुली बसवा. मग बघा कसा पळतो!"

"पस्तावशील," मिस्त्री म्हणाले. पण क्रँक हट्टालाच पेटला, तेव्हा त्यांनी बॅलन्सर काढून फळीवर ठेवला आणि पुली बसवली.

गाडी सुसाट सुटली. क्रँक हरखून गेला. पण वेग वाढला तशी प्रत्येक दणक्यासरशी त्याच्या अंगात थरथर उठू लागली. ती काही केल्या जिरेना. शर्यत संपायच्या आतच त्याला तडा गेला.

मिस्त्रींनी त्याला त्याच फळीवर आणून ठेवलं. क्रँकने बॅलन्सरकडे पहिल्यांदाच जवळून पाहिलं. त्याचं रबर पार चिरफाळलं होतं.

"ही थरथर रोज तू सोसायचास?"

"हो."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"पिस्टनांना तुझा धाक होता," बॅलन्सर म्हणाला. "तू थरथरतोस, हे त्यांना कशाला कळू द्यायचं?"